एक चिठ्ठी कमी

दोघी सख्ख्या बहिणी एकाच शाळेत शिकवायच्या. थोरली गणित, धाकटी मूल्यशिक्षण. गणिताच्या तासाला पोरं घड्याळाकडे बघत. धाकटीच्या तासाला घंटा झाली तरी बाकावरून उठत नसत. तेही थोरलीने कसंबसं गिळलं होतं. पण तिची स्वतःची लेक, सातवीतली भिंगरी, घरात ऊठसूट "मावशी म्हणते" लावायची, तेव्हा मात्र थोरलीच्या पोटात दुखायचं.

"खोटं बोलू नये, हे मी तुला तू तीन वर्षांची असल्यापासून सांगतेय," ती एकदा वैतागून म्हणाली.

"तू सांगतेस गं. मावशी विचारते," भिंगरी म्हणाली आणि मोजे शोधायला निघून गेली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

धाकटीने शिक्षकखोलीच्या दाराशी बुटाचं एक खोकं ठेवलं होतं. झाकणाला फट. मुलांनी आपली अडचण नाव न घालता लिहून टाकायची आणि शुक्रवारी वर्गाने मिळून तिच्यावर बोलायचं, असा तिचा रिवाज. गुरुवारी मोकळ्या तासाला थोरली एकटीच वह्या तपासत बसली होती. एवढं काय लिहितात हिला, बघू तरी, असं म्हणत तिने झाकण उघडलं. तिसऱ्याच चिठ्ठीवर भिंगरीचं तिरकं अक्षर.

"विज्ञानाच्या पेपरात सरांची बेरीज चुकली. मला तीन मार्क जास्त मिळाले, म्हणून मी पहिली आले. सरांना सांगावंसं वाटतं. पण नंबर गेला तर आई दोन दिवस बोलणार नाही."

थोरलीची कानशिलं तापली. चूक बेरजेची, घरात गणिताची बाई, आणि पोरगी विचारते कुणाला, तर मावशीला! वर आईचं हे असं वर्णन उद्या भर वर्गात वाचलं जाणार. चिठ्ठी तिने मुकाट्याने पर्समध्ये सरकवली.

शुक्रवारी भिंगरी घरी आली ती दप्तर आपटतच. "मावशीने माझी चिठ्ठी काढलीच नाही. शेवटपर्यंत थांबले मी. अक्षर ओळखलं असणार. तीपण सगळ्यांसारखीच निघाली!"

हे वाक्य ऐकायला थोरली किती दिवस टपून बसली होती! क्षणभर गारही वाटलं तिला. पण पोरगी ताटावरून अर्धवट उठली, तोंड फिरवून पडून राहिली, आणि थोरलीने स्वतःचंही ताट झाकून ठेवलं.

सोमवारी धाकटी व्हरांड्यात आडवी आली. "ताई, भिंगरी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. माझं काही चुकलं का गं?"

खरं तर "मला काय ठाऊक" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. थोरलीने पर्स उघडली.

धाकटीने चिठ्ठी वाचली. तिचा चेहरा उतरला. "मुलं माझ्यावर नाही, त्या खोक्यावर विश्वास ठेवतात, ताई. का केलंस असं?"

"जळले तुझ्यावर. दुसरं काय?"

धाकटीने चिठ्ठीची घडी घातली. मग ती थोरलीच्याच हातात परत देत म्हणाली, "मी सांगणार नाही तिला. तू सांग."

घरी आल्यावर थोरलीने चपलाही न काढता सांगून टाकलं. भिंगरी आधी पांढरीफटक पडली, मग लालबुंद झाली. "वाचलीस तू? माझी?"

"वाचली. चोरली. मावशीचा काही दोष नाही."

"आता दोन दिवस मी बोलणार नाही," भिंगरी म्हणाली आणि शब्दाला जागली.

बुधवारी तिने गुणपत्रिका टेबलावर ठेवली. एकूण गुण खोडून नव्याने लिहिलेले, खाली सरांची सही. नंबर दुसरा.

"मावशीने सांगितलं जायला?" थोरलीच्या तोंडून निघून गेलंच.

"कुणीच नाही. माझी मीच गेले."

थोरलीला आधी सुटल्यासारखं वाटलं, की धाकटीने नाही सांगितलं! आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पोरीने एवढं मोठं काम केलं आणि आपण अजून वाटे कुणाचे किती तेच बघतोय. तिने पेन शोधलं आणि सही केली.

"सरांसमोर भीती वाटली का गं?" तिने विचारलं.

भिंगरीने तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.