तपासायचं तिथं जेवायचं नाही

काशीमीऱ्याच्या हॉटेलातून निघालेली बस वरसाव्याच्या अलीकडे ट्रकांच्या गर्दीत अडकली, तेव्हा चांदणी उभी राहिली आणि म्हणाली, "आज केंद्रावर कोणी जेवायचं नाही. चहाही नाही. पाणी आपापल्या बाटलीतलं."

बसमध्ये आफ्रिकेतल्या काही देशांचे आरोग्य अधिकारी होते. युगांडाचे ओकेलो सगळ्यात पुढे बसले होते. अंगाने भारदस्त आणि भुकेला कच्चे. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवलं तर आजी काठी घेऊन मागे लागते. तुमच्याकडे काय, शाबासकी देते?"

"आमच्याकडेही काठीच घेते," चांदणी म्हणाली. "आज खायची ती."

सगळे हसले. झांबियाच्या म्वान्साबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या स्वतः नर्स होत्या, आता जिल्ह्याच्या अधिकारी. "आणि ते लोक रागावले तर?"

"रागावू देत."

पंधरवडाभर ती त्यांना एकच गोष्ट शिकवत होती. दवाखान्याला सरसकट पैसे देऊन सरकारने मोकळं व्हायचं नाही. बाळंतपणं नीट झाली का, लसी टोचल्या का, बाळंतिणीच्या घरी नर्स गेली का, त्या कामावर पैसे द्यायचे. पण काम झालं की नाही हे दवाखान्याला विचारायचं नाही. बाईच्या घरी जाऊन बाईला विचारायचं. आणि विचारणारा माणूस दवाखान्याचा मिंधा नको. सगळी मेख तिथेच.

आज त्याचा सराव होता, खाडीकडच्या एका ट्रस्टच्या प्रसूती केंद्रावर. केंद्राला पैसे याच पद्धतीने मिळायचे, आणि ते देणारे देणगीदारच चांदणीची प्रशिक्षण संस्थाही चालवत होते. संस्थेचे संचालक धर्मेशभाई यांनी दिवस आखून दिला होता: आधी स्वागत, मग जेवण, मग तपासणी.

पुढच्या महिन्यात झांबियाच्या राजधानीला, लुसाकाला, शिकवायला जाणाऱ्या पथकाची प्रमुख म्हणून चांदणीचं नाव लागलं होतं. मिठागरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातली पोर परदेशात शिकवायला निघालेली. तिच्या पूनम सागर सोसायटीतल्या शेजारणींनी पेढे मागून झाले होते. पण ते नाव धर्मेशभाईंच्या जिभेवर होतं. जीभ फिरली की नाव पुसलं.

हे सगळं तिला कळत होतं. पण तिच्या कानात बसच्या भोंग्यापेक्षा मोठा आवाज होता तो तिच्या बापाचा. बाबुराव कीर्तनकार. देवाने गळा असा दिलेला की आख्यानात बाळ हरवलं की बायका पदर डोळ्यांना लावत आणि सापडलं की टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर ठरत नसत. पण ज्या दारी कीर्तन, त्या दारचं पाणीदेखील बाबुराव घेत नसत. लहानपणी एका सावकाराच्या अंगणात कीर्तन सुटलं, पंगत बसली, आणि बाप तिला पुरणाच्या वासातून ओढत बाहेर घेऊन आला. ती रस्ताभर रडली. तेव्हा तो म्हणाला होता, "आज त्याची पोली खाल्ली, त उद्या त्याच्या तोंडावर खरा कसा बोलू? न्हाय जमायचा, पोरी."

त्या पोळीचा राग तिच्या मनात कितीतरी वर्षं होता. मग नोकरी लागली, आणि हळूहळू निवळला.

केंद्राच्या दारात रांगोळी होती. ट्रस्टच्या प्रमुख सावित्रीताई आरतीचं ताट घेऊन उभ्या. आत भरलेली पापलेटं, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. वास बाहेरपर्यंत येत होता. ओकेलोंनी डोळे मिटून घेतले.

चांदणीने हात जोडले. "ताई, आरती घेतो. जेवणाला मात्र माफ करा. आम्ही तुमचं काम तपासायला आलोय."

सावित्रीताईंचा चेहरा उतरला. "अगं, सकाळपासून मी स्वतः चुलीपुढे आहे. माझ्या दारातून माणसं उपाशी जाणार?"

त्यांचं दुखावणं खरं होतं, म्हणून तर कठीण होतं. नाही म्हणायला वाईट माणूस समोर असला की सोपं जातं.

"तुमच्या हातची चव मोठी असेल, ताई. म्हणूनच नको."

धर्मेशभाईंनी तिला कोपरापाशी धरून बाजूला नेलं. "चांदणीबेन, ये क्या लगाया है? आपली पद्धत काय, पाहुण्यांचा मान काय! दोन घास खाल्ले तर तुमचं शास्त्र बुडतं का?"

"दोन घासांनीच बुडतं, धर्मेशभाई. हेच तर शिकवतेय मी."

"लुसाका विसरलात वाटतं."

"नाही विसरले," ती म्हणाली आणि वळली.

मागे कोणी येतंय की नाही, हे तिने पाहिलं नाही. फाटकाशी पोहोचल्यावर मागे चपलांचा आवाज आला. म्वान्साबाई पुढे होत्या. सगळ्यात शेवटी ओकेलो, पापलेटाकडे मान वळवत.

केंद्राने दिलेल्या बाळंतिणींच्या नावांतून चिठ्ठी काढली, ती स्वप्नालीची निघाली. गावातलं कौलारू घर, ओटीवर झोळी. स्वप्नालीची सासू इंदूबाई दारात आडवी उभी राहिली. एवढे परके चेहरे बघूनही ती बिचकली नाही. चांदणीने कोण, कुठले, कशाला आलो ते सांगितलं. इंदूबाईने पहिला प्रश्न विचारला तो हा:

"तुमी तिकरं जेवून आले का?"

"नाही, मावशी. पाणीही नाही घेतलं."

"शपथ?"

"माझ्या बापाची. तो कीर्तनकार आहे."

इंदूबाईने सगळ्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मागच्या खेपेला विचारायला आले ते लोक ढेकर देत आले होते, हातात केंद्राचे मिठाईचे डबे. त्यांना काय सांगायचं? सगळा बेस हाय, म्हणून सांगितलं. आता ती दारातून बाजूला झाली. "या, बसा."

स्वप्नाली बोलायला लागली. बाळंतपण चांगलं झालं, डॉक्टरीणबाई मायेची. खोटं कशाला बोलायचं? पण घरी नर्स तीन वेळा यायला हवी होती, ती एकदाच आली. आणि त्याच दिवशी बाळाचं टोपडं बदलून बदलून तिने तीन भेटींचे म्हणून तीन फोटो काढले.

"लाल, मंग पिवला, मंग माज्या नणंदेच्या पोराचा निला," इंदूबाई म्हणाली.

चांदणीने इंग्रजीत सांगितलं तसे ओकेलो मांडीवर थाप मारून हसले. "टोपडं! आमच्याकडे ब्लँकेट बदलतात!"

"हसू नका, साहेब," स्वप्नाली म्हणाली. तिला भाषा कळली नव्हती, हसणं कळलं होतं. "नर्स आलीच नाही त्या आठवड्यात पोर पिवळी पडली. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टर बोलले, आणखी उशीर केला असता तर गेली असती."

चांदणीने तेही इंग्रजीत सांगितलं, तसं ओकेलोंचं हसणं थांबलं. म्वान्साबाईंनी विचारून झोळीतलं बाळ उचललं आणि बराच वेळ छातीशी धरून ठेवलं.

"तुझं नाव कुठे येणार नाही," चांदणी म्हणाली.

"का? लिहा नाव. माझी पोर हाय. मी का लपू?"

फोन वाजला. धर्मेशभाई. चांदणीने अंगणात जाऊन सगळं सांगितलं.

"फोटो आहेत ना? मग झालं! उद्या समारोपाला देणगीदार पहिल्या रांगेत बसणार. हे तिथे नाही बोलायचं."

"तिथेच बोलणार. चांगलं आहे ते आधी सांगेन, मग टोपड्याचं."

"मग लुसाकाला तुमच्या हाताखालची निशा जाईल."

केवढी ओढ होती चांदणीला त्या प्रवासाची. तिने खाडीच्या पुलाकडे पाहिलं, ट्रक एकामागून एक जात होते.

"पाठवा तिला. पण तिला मीच शिकवलंय, धर्मेशभाई. तीही तिथे जेवणार नाही."

फोन बंद करून ती ओटीवर आली. इंदूबाईने तोवर भाकऱ्यांची टोपली आणि सुक्या बोंबलांची चटणी पुढे सरकवली होती. ओकेलोंचा हात निम्म्यावर पोहोचला होता.

"ओकेलोसाहेब," चांदणी म्हणाली.

"इथेही नाही?"

"इथेही नाही. हिचं खाऊन हिच्या बाजूने बोललो, असं उद्या कोणीही म्हणेल."

इंदूबाई कपाळावर हात मारून हसली. "बाय, तू त फारच कडक हाईस!"

ओकेलो उठले, पँट झटकली, शेजारच्या दाराकडे बघत पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, पुढचं घर. लवकर."