लॅमिनेट केलेली चिठ्ठी

मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मला दोनच शब्द येतात. 'औषध दिले.' त्याखाली तारीख. एवढ्या भांडवलावर मी कोथरूडच्या एका औषधांच्या दुकानात नऊ वर्षं काढली. मित्रांनो, याहून जास्त शब्द येणारे पुष्कळ जण याहून कमी काम करतात. पण ते असो.

माझा जन्म अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातला. शिक्के करणारे रंगराव त्या दिवशी आम्हा तिघांना घडवत होते. एकाच्या पोटावर 'मुख्याध्यापक' होतं. गोंद वाळायच्या आतच तो आमच्याशी बोलेनासा झाला. दुसरा 'खरी प्रत'. तो स्वभावाने गरीब. रंगरावांनी त्याला तपासायला रद्दीवर उमटवलं, तेव्हा तो बिचारा टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीलाही खरी म्हणाला. मला दुकानाचे मालक साईनाथकाका घेऊन आले.

माझं काम साधं आहे. मनाच्या आजारांवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या गुणाच्या असतात, पण त्यांची सवय लागते. म्हणून डॉक्टर त्या मोजून लिहून देतात. पंधरा दिवसांच्या तर पंधराच दिवसांच्या. गोळ्या दिल्या की मी चिठ्ठीवर उमटायचं, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही.

सुरुवातीला माझा मान होता. मग गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. "अहो, चांगला कागद कशाला घाण करता?" साईनाथकाकांना वाद सोसत नाही. हळूहळू मी ड्रॉवरमध्ये गेलो. माझ्या लाकडी मुठीने काका सुपारी फोडू लागले. माझी तारीखही कोणी फिरवेना, त्यामुळे सलग सात महिने माझ्यासाठी चौदा ऑगस्ट होता. स्वातंत्र्य रोज एका दिवसावर येऊन थांबायचं.

मग तेजस्विनी नोकरीला आली. वाघोलीच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकलेली, बोलायला सरळ.

"काका, हा ड्रॉवरमध्ये काय करतोय?"

"आराम."

"झाला तेवढा बास झाला."

तिने टाचणीने माझ्या अक्षरांतली सुपारी काढली, तारीख फिरवली आणि मला काउंटरवर ठेवलं. त्याच आठवड्यात रावसाहेब आले.

रावसाहेब पासष्टीचे, शर्ट कडक इस्त्रीचा. सोबत तिसरीतली नात सृष्टी, शाळेच्या गणवेशात. तिला स्कूटरवरून शाळेत सोडणं आणि आणणं, एवढंच काम निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते त्यांना नोकरीहून प्रिय होतं. नोकरी खडकीच्या कारखान्यातली. तिथल्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं त्यांनी माल सांभाळला. त्यामुळे कागद दिसला की जपायचा, आणि जपायचा म्हणजे लॅमिनेट करायचा. रेशनकार्ड, मिक्सरची गॅरंटी, चकलीच्या भाजणीचं प्रमाण, सगळं प्लॅस्टिकमध्ये. सृष्टीचा पहिला पडलेला दातही त्यांनी लॅमिनेट करायला नेला होता. तो नीट बसला नाही.

त्यांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली. तीही लॅमिनेट केलेली.

"नेहमीचं गिऱ्हाईक आहे," असं म्हणत साईनाथकाकांनी मला उचललं आणि तिच्यावर दाबलं. मी घसरलो. मित्रांनो, प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. रावसाहेबांनी रुमालाने मला पुसून टाकलं आणि समाधानाने म्हणाले, "डाग राहत नाही. उत्तम."

आयुष्यात मला नावं खूप ठेवली गेली, पण पुसलं कोणी नव्हतं.

तेजस्विनीने चिठ्ठी हातात घेतली. "आजोबा, ही तीन वर्षांपूर्वीची आहे."

"असेना. अक्षर स्वच्छ आहे ना?"

"रोज अर्धी गोळी, पंधरा दिवस. मग पुन्हा दाखवायचं, असं लिहिलंय."

"मी पंधरा दिवसांच्याच नेतो. दर पंधरा दिवसांनी."

"आणि अर्धीच घेता?"

"अर्धीने हल्ली काय होतंय? दोन घेतो."

"आमच्याकडून तर आठच नेता तुम्ही."

"एकाच दुकानाला कशाला त्रास? चार दुकानांतून प्रत्येकी आठ."

साईनाथकाका एकदम शेल्फवरची धूळ झटकू लागले.

"मी देऊ शकत नाही," तेजस्विनी म्हणाली.

"आपण डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरांनी लिहिलेलं वाचते."

सृष्टीला इतका वेळ कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, आजोबा ना परवा सिग्नलला झोपले. हिरवा लागला, सगळे हॉर्न मारत होते. मी पाठीत गुद्दे घातले तेव्हा उठले!"

ती गंमत सांगत होती. हसलं कोणी नाही.

रावसाहेबांचा चेहरा उतरला. मग ते ताठ झाले. "ठीक. आजपासून बंद. सिगारेट एका दिवसात सोडली आहे मी."

"तेच करायचं नाही!" तेजस्विनीचा आवाज चढला. "इतक्या वर्षांनी या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात."

"म्हणजे घेतली तरी पडायचं आणि सोडली तरी पडायचं?"

"मनाने केलं तर, हो. डॉक्टरांनी थोड्या थोड्या उतरवल्या तर नाही." मग तिने विचारलं, "तुमच्या स्टोअरमध्ये माल दिला की चिठ्ठीचं काय करायचात?"

"लाल रेघ मारायचो. नाहीतर तोच माणूस उद्या तीच चिठ्ठी घेऊन हजर."

"आणि कोणी चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून आणली असती तर? रेघ पुसता यावी म्हणून?"

"गेटवर बसवून ठेवला असता," रावसाहेब सवयीने बोलून गेले. मग थांबले. मग दुकानाच्या दारातल्या स्टुलावर स्वतःच जाऊन बसले.

तेजस्विनीने चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉ. शेफाली यांना फोन लावला. त्यांनी त्याच संध्याकाळी सहाला बोलावलं, आणि तोवर गोळी मनाने वाढवायची नाही, कमी करायची नाही आणि स्कूटरला हात लावायचा नाही, असं बजावलं. स्कूटर नंतर त्यांचा मुलगा दुसऱ्या किल्लीने घेऊन गेला. आपली किल्ली रावसाहेबांनी काउंटरवर ठेवली.

"ही इथेच राहू दे. घरी असली तर मी घेईन. डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय देऊ नका."

किल्ली ड्रॉवरमध्ये माझ्या जुन्या जागेवर गेली. जुनी चिठ्ठी साईनाथकाकांनी कात्रीने कापली. कात्री बोथट झाली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी नवी चिठ्ठी यायची. गोळी आधीपेक्षा किंचित कमी, आणि तळाशी डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ : 'ही चिठ्ठी लॅमिनेट करू नये.' मी तिच्यावर उमटायचो. साध्या कागदावर. काय सांगू, शाई कशी आत मुरायची!

हे सोपं नव्हतं. चौथ्या महिन्यात रावसाहेब तीन रात्री नीट झोपले नाहीत. सकाळी येऊन म्हणाले, "एकच जास्तीची द्या. एकतीस वर्षं मी कोणाकडे काही मागितलं नाही."

"मला माहीत आहे," तेजस्विनी म्हणाली. तिने गोळी दिली नाही, फोन दिला. डॉक्टरांनी पुढची पायरी महिनाभर थांबवली. रावसाहेब जाताना रागाने म्हणाले, "किल्ली आहे ना जाग्यावर?"

"आहे."

"मग ठीक."

सृष्टी त्या दिवसांत रिक्षाने शाळेत जायची. रिक्षात ती कोणाला गुद्दे मारू शकत नव्हती, ही तिची तक्रार.

अकराव्या महिन्यात ते शेवटची चिठ्ठी घेऊन आले. गोळीच्या जागी आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं : 'झोप ठीक. स्कूटर चालवण्यास हरकत नाही.'

"मारा शिक्का," रावसाहेब म्हणाले.

तेजस्विनीने मला शाईत बुडवून उचललं आणि वरच थांबवलं. "आजोबा, औषध दिलंच नाही. शिक्का कशाचा मारू?" तिने मला बाजूला ठेवलं, ड्रॉवर उघडला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

न उमटण्यात इतका आनंद असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रावसाहेबांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. तळाशी लॅमिनेट न करण्याची ती ओळ नव्हती. ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि ती लॅमिनेट करून घेतली.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरच्यांना अशा गोळ्या लिहून दिल्या असतील तर डॉक्टर एक असू द्या, दुकान एक असू द्या. मनाने वाढवू नका, मनाने थांबवू नका. आणि दुकानात कोणी चिठ्ठीवर शिक्का मारू लागलं तर कागद ओढून घेऊ नका. मला तो घाण करू द्या.

रोज सकाळी सातला रावसाहेबांची स्कूटर दुकानासमोरून जाते. मागे सृष्टी बसलेली असते. तिची मूठ अजून त्यांच्या पाठीमागे तयार असते. आजवर एकदाही लागलेली नाही.