तोंडाचं काम

तिळाएवढं काळं टोक, त्याहून मोठं नाहीच. आणि एवढ्याशा टोकाने म्हणे कपाळ, नाक, डोळे, सगळं निघणार... शीलाने ते पेन बोटांत फिरवलं, नखाने टोक दाबून पाहिलं. ते किंचित आत गेलं आणि मुकाट्याने परत बाहेर आलं. "झिजलं की बदलायचं, ताई. जादा टोकं डबीत दिलीयेत," काउंटरपलीकडून दुकानदार धीरज म्हणाला. झिजलं की बदलायचं. किती सोपं! तिने मान वर केली नाही, कारण मान वर केली असती तर शेजारच्या खुर्चीवर नवरा, भिला, दिसला असता, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसलेला, धुतलेला पांढरा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा.

शहाद्यात भिला पेंटर म्हटलं की रिक्षावाला थेट त्यांच्या दुकानासमोर आणून सोडतो. आता पेंटिंग कसलं राहिलंय, सगळं फ्लेक्सच. पण माणूस गेल्यावर गंधमुक्तीच्या दिवशी, उत्तरकार्याला, हार घालायला मोठी तसबीर लागतेच, आणि खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा, भुतासारखा. तो बघून भिलाने पेन्सिलीने चेहरा काढायचा, आणि पदर, फेटा, माळ, मागचा निळा रंग हे शीलाने कॉम्प्युटरवर माऊसने भरायचं. "पदर तुन्हा, तोंड मन्हं," असं तो गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणायचा, आणि गिऱ्हाइकंही हसायची. वीस वर्षं ती नुसते पदर भरत होती! मग त्याचा हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, काही उपयोग नाही. गेल्या महिन्यात एक घर तसबीर परत घेऊन आलं—हे आमचे बाबा नाहीत म्हणाले, नरमाईने म्हणाले, पण पुढच्या वेळी दुसऱ्याकडे गेले. भिलाने दोष कागदाला दिला, पेन्सिलीला दिला, उजेडाला दिला. "मशीन येऊ दे, मंग देख मन्हा हात," हे तो रोज म्हणत होता. कॉम्प्युटरवर पेनाने चित्र काढायच्या त्या मशीनवर त्याने सगळा जीव टांगून ठेवला होता, आणि ते निवडायचं काम मात्र शीलावर टाकलं होतं, कारण तसल्या गोष्टीतलं तिला कळतं, असं तोच म्हणायचा.

धीरजने दोन मशीनं मांडली होती. एकात पडदा होता. पेन टेकवलं की तिथेच, टोकाखालीच, रेघ उमटत होती. दुसरं म्हणजे नुसती काळी पाटी. हात पाटीवर चालवायचा आणि रेघ समोरच्या कॉम्प्युटरवर बघायची.

"आधी ह्याच्यावर बघू," शीला म्हणाली आणि पाटी भिलाकडे सरकवली.

सहज म्हणाली? अजिबात नाही. दिवाळीत माहेरी गेली तेव्हा भाची गायत्रीकडे असलीच पाटी होती, आणि दोन दुपारी शीलाने तिच्यावर हात फिरवला होता. हात खाली, डोळे वर... माऊस चालवण्यात जिचा जन्म गेला तिला ते लगेच जमलं. आणि जमता जमताच तिला कळलं होतं की ज्याने उभ्या आयुष्यात ब्रशच्या टोकावरून नजर हलवली नाही, त्याला हे जमणार नाही. तेव्हापासून ती हे मनात घेऊन हिंडत होती, चोरून खाल्लेल्या गोडासारखं.

भिलाने पेन धरलं. पाटीवर वाकला. नाक काढतात तशी एक रेघ ओढली आणि पाटीकडे बघत राहिला.

"हाई तं उमटतच नही."

"काका, हात नका बघू. समोर बघा," धीरज म्हणाला.

त्याने समोर पाहिलं तर हात भरकटला. हात पाहिला तर रेघ हरवली. कॉम्प्युटरवर वेडीवाकडी कीड वळवळत गेली. त्याने पेन उचललं, टोक निरखलं, आणि... हाय रे देवा, ते ओठांत धरून जिभेने ओलं केलं. रंगाचा ब्रश ओठांत फिरवून त्याला टोक आणायचं, ही जन्माची सवय. शहाद्यातल्या दुकानांच्या निम्म्या पाट्या त्या थुंकीवर रंगल्यात.

शीला हसली. आधी तीच हसली. धीरजने बिचाऱ्याने तोंड आवळून धरलं होतं, पण घरचीच बाई हसते म्हटल्यावर त्यालाही फुटलं. मग भिलाही हसला, आपल्यावरच, मान हलवत, दोघांना साथ द्यायची म्हणून. त्या हसण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. रागावला असता तर चाललं असतं. हसतो काय हा?

...त्या दिवशीही हसला होता. आई, दगूबाई, गेली तेव्हा शीलाने पहिल्यांदाच पेन्सिल हातात घेतली होती. चेहरा तिने स्वतः काढला होता—बसकं नाक, डावी पापणी अर्धी उतरलेली, दगूबाई होती तशी. भिलाने भावांसमोर कागद उचलला. "डोया मिटेल बाईले कोन हार घाली?" आणि हसत हसत, सगळ्यांच्या देखत, खोडरबराने पापणी पुसली. डोळा उघडला. नाक सरळ केलं. दगूबाई किती शोभते, असं सगळे म्हणाले! आजही माहेरच्या भिंतीवर ती परकी बाई हार घालून बसलीय, आणि शीला तिच्या पाया पडते. "चेहराले हात लावू नको," हे त्याने तिला तेव्हाच सांगून टाकलं, प्रेमाने, पोरीला सांगतात तसं. मग आता मी हसले तर काय पाप केलं?

बाहेर मिरच्यांचा ट्रक गेला आणि तिखट खकाणा आत आला. भिलाला ठसका लागला, डोळे भरून आले. ते ठसक्याने की कशाने, ते शीलाने पाहिलं नाही. "तुम्हीन पानी पी या," ती म्हणाली, आणि तो खोकत पायरी उतरला.

धीरज पुढे वाकला. "ताई, काकांना पडद्याचं जमेल. हाताखालीच दिसतं ना. आणि दोन्हींत एक सोय असते, हात थरथरला तरी रेघ गुळगुळीत येते. वाढवून देऊ? बसतील आरामात."

म्हणजे हे असं होतं तर. एक बटण. एक बटण दाबलं की भिला पेंटर पुन्हा भिला पेंटर, आणि तोंड त्याचं, पदर माझा, तो मरेपर्यंत.

"काच फुटली तर?" ती म्हणाली. "आमच्याकडे धूळ असते. लाइट जाते. टिकाऊ पाहिजे, परवडणारं पाहिजे. पाटीच द्या."

"आणि ती सोय?"

"राहू द्या. त्यांना आवडायची नाही."

आवाज किती सरळ आला! तिला स्वतःचंच नवल वाटलं. धीरजने खांदे उडवले आणि खोकं बांधायला घेतलं.

भिला तोंड पुसत आला. "कोनतं लिधं?"

"काळं. पडनं तरी फुटत नही."

त्याने खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं करं तू," म्हणाला, आणि खोकं स्वतःच उचललं.

परतीच्या एसटीत त्याने ते मांडीवर घेतलं होतं. प्रकाशा गावाचा पूल आला. तापीचं पाणी खाली पसरलं होतं. तो पाण्याकडे बघत बोलला, "उशीर लागी, पन मी शिकसू." मग अगदी सहज, भाजी काय करायची ते सांगावं तसं, "तोवर तोंड तू काढ. मन्हापेक्षा तुले चांगलं जमी."

शीलाला कानाखाली बसल्यासारखं झालं. जे ओरबाडून घ्यायला ती एवढी नीच झाली, ते याने नुसतं देऊन टाकलं? मागितलं असतं तर आधीच दिलं असतं? की हसले ते याला लागलंय, आणि हा असा सूड उगवतोय... हा? याला सूड कुठला जमतोय! तिने राग शोधला, सापडला नाही. कीव येते का पाहिलं, तीही येईना. बटणाचं अजून सांगता आलं असतं. एक वाक्य. तिने ते जिभेवर आणलं आणि गिळलं, आणि गिळताना काहीच वाटलं नाही.

मग ती त्याच्याकडे बघायला लागली. इतकी वर्षं बघणारा तोच होता, तिने कधी असं पाहिलंच नव्हतं. गालफाडं आत गेलेली. कानाची पाळी मोठी. मिशीखाली ओठ डावीकडे जरा ओघळलेला. सुरुवात कपाळापासून करावी की नाकापासून? फेटा द्यावा का? नको, कपाळ चांगलं आहे, झाकायचं कशाला. मागे निळा नको, पांढराच बरा... तिची नजर थंडपणे, अगदी मन लावून, रेघेरेघेवरून फिरत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

"पानी शे का पिशवीमा?" त्याने विचारलं.

ती दचकली. हा अजून बोलतो, हे क्षणभर तिच्या ध्यानातच नव्हतं.