चक्र घासायचं नाही

स्टॅन पाव्लिकने ते वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा असली रिव्हॉल्व्हरं दुकानात पिंपात उभी करून ठेवलेली असत, जुन्या छत्र्या ठेवतात तशी. इंग्रज फौजेने मोडीत काढलेला माल. आवडेल ते उचलावं आणि वर काडतुसांची दोन-चार मेणकागदी पुडकी मागून घ्यावीत. आता स्टॅन नाही, पिंपं नाहीत आणि पुडकीही नाहीत. प्रदर्शनात गेलं की हीच रिव्हॉल्व्हरं काचेखाली मखमलीवर पहुडलेली दिसतात. दरसाल भाव चढतो आणि जितका भाव चढतो तितकी माणसं त्यांना भितात. हातमोजे घालून तिजोरीतून काढतात, पुसतात, परत ठेवतात. चाप कुणी ओढत नाही.

रोझली ओढते. स्टॅनची बायको, माझी शेजारीण. पानगळीच्या दिवसांत आमच्या डोंगरावरच्या क्लबात जुन्या शस्त्रांचा सामना होतो. स्टॅन गेल्यापासून त्याच्या जागेवर ती उभी राहते. नेम यथातथाच, पण जागा सोडत नाही.

तिच्या रिव्हॉल्व्हरचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला कुणी हात लावलेला नाही. अशा बहुतेक रिव्हॉल्व्हरांचं सहा भोकांचं चक्र समुद्रापलीकडून इकडे आल्यावर मागच्या बाजूने घासून पातळ केलेलं आहे. मूळ काडतुसं मिळेनाशी झाली होती. घासलं की पिस्तुलाची साधी पंचेचाळीसच्या मापाची काडतुसं पोलादी चिमट्यात अडकवून त्यात बसतात. मूळ मापाची काडतुसं कारखाने अजून कधीमधी काढतात म्हणे, पण ती दुकानात पोचण्याआधीच संपतात आणि उरली तर अत्तराच्या भावाने विकली जातात.

म्हणून स्टॅनसाठी काडतुसं मी बनवत असे. एरवी माझ्या हाताला कसलं कसब नाही. आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलं, तेही ऐकणारी पोरं थोडीच. पण तळघरातल्या टेबलावर दुसऱ्या जातीच्या काडतुसांच्या लांब रिकाम्या पुंगळ्या कापून, त्यांची कड पातळ करून, मऊ शिसं आणि बेताची दारू भरून मी काडतुसं करायला शिकलो. ती अशी नरम होती की स्टॅन म्हणायचा, "एमिलची काडतुसं फुटत नाहीत, ढेकर देतात."

यंदा क्लबाच्या फळ्यावर नवा नियम लागला: सामन्यात फक्त कारखान्याच्या बंद खोक्यातली काडतुसं चालतील. दुसऱ्या कुठल्याशा क्लबात कुणाच्या घरगुती काडतुसाने रायफल फुगली होती आणि विमेवाल्यांनी डोळे वटारले होते.

तो नियम घेऊन डेल्बर्ट कुंकल रोझलीकडे आला, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात पिरोही, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात बसलो होतो. डेल्बर्ट सामन्याचा प्रमुख. गावात लेथचं काम त्याच्याकडेच. माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे अजून सर म्हणतो आणि एक शब्द ऐकत नाही.

"रोझलीकाकू, उगाच तोंड पाडू नका," तो म्हणाला. "शनिवारी रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आणा. लेथवर चक्र घासून देतो, कॉफी पिऊन होईपर्यंत काम झालेलं असेल. मग कुठल्याही दुकानातून पंचेचाळीसचं खोकं घ्या. बंद खोकं, नियमात बसतं."

"प्रदर्शनातला तो दाढीवाला म्हणत होता, घासलं की भाव अर्ध्यावर येतो."

"तुम्हाला विकायचंय का?"

"मेले तरी नाही."

"मग भावाचं काय घेऊन बसलात?"

मी घास गिळला. "डेल्बर्ट, पंचेचाळीसचा जोर या रिव्हॉल्व्हरला झेपणारा नाही. ते मऊ काडतुसासाठी घडवलंय. फौजेने त्याची परीक्षा घेतली तीही त्याहून कमी जोराने."

"सर, हजारो लोक घासलेल्यातून तीच झाडतायत. बोटं मोजा, दहाच्या दहा आहेत."

"ज्यांची नाहीत ते प्रदर्शनात हात हलवत फिरत नाहीत."

"पुस्तकातलं आहे हे?"

"हो," मी म्हणालो आणि ओशाळून पुढची पिरोही उचलली.

रोझलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला त्या दिवशी तिथे उभं राहायचंय," ती म्हणाली. "घरी बसून तुमचे बार ऐकायचे नाहीत. शनिवारी आणते."

घरी येऊन मी पुस्तकं उघडली. कदाचित माझंच चुकत असेल, असं वाटत राहिलं. एका पुस्तकात चालेल असं होतं, दोनांत चालणार नाही असं. रोझली काही लहान नव्हती, रिव्हॉल्व्हरही तिचंच. पण घासलेलं चक्र पुन्हा भरून येत नाही, हे सांगायला पुस्तक लागत नाही. आणि त्याच्या मागे तिचा हात असणार होता, डोळे असणार होते.

शनिवारी डेल्बर्टच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा लेथ चालू होता. रिव्हॉल्व्हर बाकावर, पाव गुंडाळायच्या फडक्यावर बिजागरीतून दुमडून उघडं पडलं होतं. चक्र काढून लेथच्या जबड्यात घट्ट धरलेलं आणि गरगर फिरत होतं. पाजळलेलं पातं अजून लांब होतं. रोझली कोट न काढता भिंतीला टेकून उभी.

"आलात सर? या, कॉफी घ्या," डेल्बर्ट चाकावर हात ठेवत म्हणाला.

मी लेथचं लाल बटण दाबलं.

घरघर थांबली. अशी शांतता मी वर्गातही कधी केली नव्हती.

"हे काय?" डेल्बर्ट म्हणाला.

"घासायचं नाही."

"सर, माझ्या शेडमध्ये माझी यंत्रं बंद करायची नाहीत."

"मग चालू कर. मी परत बंद करीन." माझा आवाज चिरकत होता, पण थांबवता येत नव्हता. "तुझ्या नियमात जे बसतं ते या रिव्हॉल्व्हरच्या जिवावर उठणारं आहे आणि जे त्याला सोसतं ते तुझ्या नियमात बसत नाही. खोकं बंद आहे म्हणून आतला जोर कमी होत नाही, डेल्बर्ट. या मोडीतल्या मालात आता असं न घासलेलं किती उरलंय? आणि तू ते विमेवाल्यांसाठी कापतोयस."

"नियम मी केला नाही."

"फळ्यावर सही तुझी आहे."

तो लाल झाला. "बरं. मग तुमच्या ढेकरा घेऊन सामन्याला यायचं नाही. काकूंनीही नाही. आलात तर नेमबाजीच्या रेषेवरून उतरवीन, सांगून ठेवतो."

रोझली भिंतीपासून पुढे आली. "ते बाहेर काढ," ती म्हणाली.

"काकू, तुम्हालाच उभं राहायचं होतं ना?"

"काढ म्हणते ना. चक्रावर ते पातं येताना बघितलं आणि मला स्टॅनच आठवला, इस्पितळात ऑपरेशनला नेलेला. त्यालाही डॉक्टर तुझ्यासारखंच म्हणाले होते, कॉफी पिऊन होईपर्यंत काम झालेलं असेल." डेल्बर्टने जबडा सैल केला, तिने चक्र घेऊन कोटाच्या बाहीने पुसलं. "एमिल, तू काडतुसं केलीयस का?"

"केलीयत. पण खात्री म्हणशील तर—"

"खात्री कोण विचारतंय? केलीयस ना?"

रविवारी सामना सुरू झाला तेव्हा आम्ही तिच्या घरामागे होतो. तिथे जुन्या खाणीतून उपसलेल्या दगडचुऱ्याचा डोंगर आहे, गोळी गिळायला त्याच्याहून चांगलं काही नाही. पुढ्यात एक फुटका टब. दरीपलीकडून क्लबातले बार ऐकू येत होते, मोठे, कडक. आमचे बार त्यापुढे खरोखरच ढेकरांसारखे. रोझली प्रत्येक बाराला हसत होती. टबाला फारसं काही लागत नव्हतं.

वासरांची पैदास करणारा म्हातारा ओर्विन लुट्झ आधी आला, आपलं न घासलेलं वेब्ली पिशवीत घेऊन. ते त्याने कित्येक वर्षांत झाडलं नव्हतं. "भाव पडेल म्हणून ठेवलं होतं," तो म्हणाला. "पण मी मेल्यावर पोरगं विकणारच ना. एमिल, देतोस का सहा?" मग आणखी दोघं आले, एकाने खुर्ची आणली. कुणी भाषण केलं नाही.

सामना संपल्यावर डेल्बर्ट आला. अंगावर अजून नारिंगी बंडी.

"समितीची बैठक आहे," तो म्हणाला. "काकू, असंच चाललं तर क्लबातून तुमचं नाव काढावं लागेल. सरांचंही."

"काढा की," रोझली म्हणाली. "नाव काढायला लेथ लागत नाही."

ओर्विन खुर्चीत हसून वाकला. डेल्बर्टला हसू येत होतं की राग, मला कळलं नाही. मला लोकांचे चेहरे नीट वाचता येत नाहीत.

"पुढच्या रविवारीही इथेच," रोझली त्याला म्हणाली. "समितीला सांग. आणि त्याच्या पुढच्याही." तिने रिव्हॉल्व्हर बिजागरीतून दुमडून उघडलं, रिकाम्या पुंगळ्या उडून गवतात पडल्या, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "एमिल, सहा."

मी दिली. ती टबाकडे वळली. डेल्बर्ट सवयीने एक पाऊल आमच्या मागे सरकला आणि त्याने कानांवर हात ठेवले.