निळ्या शर्टातले माझे वडील

आमच्या आजोबांनी बाजारात पोती वाहिली. बाबा शिकले, प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत समाजशास्त्र शिकवत राहिले: कुठल्या घरातली मुलं कुठवर वर चढतात वगैरे. मी पदवी घेऊन काही वर्षं एका ऑफिसात जीव आंबवला, मग राजीनामा देऊन शहराची बस चालवायला लागले. बाबांवर आभाळच कोसळलं.

"आजोबांनी पाठ मोडून घेतली, ती मला खुर्ची मिळावी म्हणून. आणि तू?"

"मीही खुर्चीतच बसते, बाबा. माझी पुढे जाते, एवढंच."

तेव्हापासून लोकांना ते सांगतात, "मुलगी वाहतूक खात्यात आहे." थांब्यावर माझी बस आली की मान वळवून पुढच्या बसची वाट बघतात. माझं डोकंच फिरतं. चोरी केलीय का मी?

परवा मात्र ते कात्रीत सापडले. सोबत त्यांच्या कॉलेजचे जुने प्राचार्य होते, आणि प्राचार्य थेट माझ्याच बसमध्ये चढून जागा पकडून बसले. बाबांना मागोमाग यावंच लागलं. मला पाहून न पाहिल्यासारखं करत ते दांडा धरून उभे राहिले. त्यांचा गुडघा पार कामातून गेलाय.

मी माइक उचलला. "निळ्या शर्टातले माझे वडील आहेत. गुडघा दुखतो त्यांचा. कुणीतरी जागा द्या. ते बसल्याशिवाय बस हलणार नाही."

एक बाई लगेच उठल्या. बाबा उभेच. सगळी बस त्यांच्याकडे बघायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो काका, बसा की! लेकीला उशीर होतोय!"

मी इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घातली. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं वेठीस धरणं बरं नव्हे, कळत होतं मला. पण हट्ट माझ्यात कुठून आला, हे त्यांनाही ठाऊक आहे.

शेवटी ते बसले. प्राचार्य त्यांच्याकडे वाकले. "सर, मुलगी खात्यात आहे म्हणाला होतात ना? मला वाटलं, अधिकारी असेल."

माझा सगळा जीव कानांत आला.

"बस चालवते," बाबा म्हणाले. त्यांचा वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "समोर दिसत नाही का तुम्हाला?" मग माझ्याकडे बघून तितक्याच मोठ्यानं, "आणि तू गं, बघतेस काय? चल आता. लोक खोळंबलेत."