आला तो आपला

फोन आला तेव्हा मुंगीची आई एका गृहस्थाला त्याची छत्री परत देत होती.

"तुमच्या मुलीनं शाळेशी गद्दारी केली आहे," शाळेच्या कार्यालयातला आवाज म्हणाला. "उद्या सकाळी मुख्याध्यापिकांना भेटा."

आईच्या मनात नको नको ते येऊन गेलं. पेपर फोडला? कुणाचं डोकं फोडलं?

"केलं तरी काय तिनं?"

"खालच्या शाळेचा बॉल परत दिला."

आईला आधी हसू आलं. मग आपणही त्याच शाळेत शिकलो आहोत हे आठवलं, आणि हसू मावळलं.

उतारावर दोन शाळा आहेत. एक वरच्या अंगाला, एक खालच्या, म्हणून एक वरची शाळा आणि दुसरी खालची. पुस्तकं तीच, परीक्षा तीच, फळ्यावरची धूळही तीच. पण वरच्या शाळेतल्या मुलांना पहिल्याच वर्षी कळतं की आपण वरचे. खालच्या मुलांना कळतं की वरच्यांना उतरवायचं आहे. दोन मैदानांच्या मध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीचा एकच नियम आहे: आला तो आपला. पलीकडून आलेला चेंडू परत द्यायचा नाही. मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर काचेचं कपाट आहे, त्यात असे पकडलेले चेंडू मांडून ठेवले आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात पकडणाऱ्याचं नाव. बक्षिसांचे कप मावेनात, म्हणून ते खालच्या कप्प्यात गेले! पाहुणे आले की त्यांना आधी हे कपाट दाखवतात. खालच्या शाळेतही असंच एक कपाट आहे म्हणे.

बसस्थानकात सापडलेल्या वस्तूंची खिडकी आहे. मुंगीची आई आणि तिचे ज्येष्ठ सहकारी, असे दोघंजण ती सांभाळतात. सहकाऱ्यांना सगळे छत्रीकाका म्हणतात, कारण हरवलेल्यांत छत्र्याच फार. आईनं त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता हिला माफी मागायला लावते, म्हणजे सुटले."

"कशाची माफी?"

"बॉल दिल्याची."

"म्हणजे, ज्याचा होता त्याला दिल्याची?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग आपण दोघांनी राजीनामे द्यायला हवेत. दिवसभर दुसरं करतो काय आपण?"

"काका, शाळेचं वेगळं असतं."

"वेगळं काय असतं? कवळी न्यायला आलेले ते आजोबा आठवतात? खूण विचारली तर दात नसल्यानं एक शब्द कळेना. शेवटी म्हटलं, घालून दाखवा. बसली बरोब्बर! दिली की नाही आपण? ते कुठल्या शाळेत शिकले, हे विचारलं होतं का?"

आई हसली, पण तिनं विषय वाढवला नाही. नोकरीतलं तत्त्व घरी नेलं की जड होतं, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, तसंच तिलाही वाटत होतं.

घरी पोचली तर तिच्याआधी तिचा मोठा भाऊ येऊन बसला होता. हा मुंगीचा मामा. खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो आणि वरच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे. कपाट संघानंच दिलेलं, त्याची चावी मामाच्या खिशात. गेल्या वर्षी भिंतीच्या डोक्यावर सिमेंटमध्ये फुटक्या काचा बसवल्या, त्याही मामानंच पुढाकार घेऊन.

"माझं नाक कापलं हिनं!" मामा म्हणाला. "सगळा संघ मला फोन करतोय. अध्यक्षांची भाची खालच्यांना फितूर!"

"मामा, तुझं नाक आहे तिथंच आहे," मुंगी आतून म्हणाली. "आणि तुला काय, दोन्ही शाळा बॉल तुझ्याकडूनच घेतात. परत द्यायला लागल्या तर दुकान बसेल, म्हणून चिडलायस का?"

"बघ, बघ कशी बोलते!"

मुंगी लहानपणी अंगानं एवढीशी होती, म्हणून मुंगी. आता आईच्या खांद्याला आली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलींच्या फुटबॉल संघाची ती गोलरक्षक. दोन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसल्यावर यंदा कुठे जागा मिळालेली, आणि सामना याच शनिवारी, खालच्या शाळेशीच. शाळेनं सांगितलं होतं: सगळ्यांसमोर माफी मागितली तर खेळायचं, नाही तर नाही.

"झालं काय, ते नीट सांग," आई म्हणाली.

"सराव चालू होता. पलीकडून बॉल आला. सगळ्या ओरडायला लागल्या, 'आला तो आपला!' मी उचलला. तेवढ्यात भिंतीवर दोन हात दिसले. लहान मुलाचे. काचांच्या मधे बोटं रोवायला जागा शोधत होते. मी ओरडले, 'हात काढ! देते!' आणि किक मारली. संपलं."

आईच्या अंगावर काटा आला. मामा खिडकीबाहेर बघू लागला.

"अगं, मग हेच सांग ना बाईंना!" आई म्हणाली. "लागेल म्हणून दिला, असं सांग. कोण रागावेल तुला?"

मुंगी उठून आत गेली. मामाही चहा न घेताच निघाला. जाताना दारातून म्हणाला, "माझासुद्धा बॉल गिळलाय त्यांनी. मी कधी कुणाकडे रडत गेलो नाही."

मुख्याध्यापिका काही दुष्ट नव्हत्या. वर्षाच्या शेवटी निवृत्त होणार होत्या आणि तोवर काही वाढू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. सकाळी त्यांच्या खोलीत आईनं हातांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला.

"मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्यांसमोर एवढंच म्हण, की समोरच्याला लागेल म्हणून घाबरून दिला, एरवी दिला नसता. मुलं समजून घेतील. शनिवारी खेळ."

"म्हण ना गं," आई म्हणाली. "खरंच तर आहे."

"अर्धं खरं आहे," मुंगी म्हणाली.

"म्हणजे?"

"हात दिसले नसते तरी दिला असता. बॉल त्यांचा होता."

"अगं, पण आता निभावून नेण्यापुरतं—"

"नाही बाई! आज मी असं म्हटलं, तर उद्यापासून काचेवर हात ठेवल्याशिवाय कुणाला स्वतःचा बॉल मिळायचा नाही!"

मुख्याध्यापिकांनी पेन उचललं, परत ठेवलं. "मग तू संघात नाहीस," त्या म्हणाल्या.

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांचा बाक तिला आठवला असणार. पण आवाज हलला नाही. "चालेल. पण सॉरी म्हणणार नाही. बॉल त्यांचा होता."

वाचकहो, त्या खोलीत तीन माणसं होती. दोन मोठी. आणि खरं बोलण्याची हिंमत फक्त तिसरीकडे! आईला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. ती इथवर आली होती मुलीला सोडवायला, आणि मुलीला सोडवायचं म्हणजे तिला खोटं बोलायला लावायचं, एवढंच तिनं घरातून ठरवून आणलं होतं.

"बाई," आई उठून उभी राहिली. "मी सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. वस्तू मागायला आलेल्याला आम्ही एकच विचारतो, तुमची वस्तू कशी होती ते सांगा. खूण पटली की देतो. तो कोण, कुठला, आमच्या आवडीचा की नावडीचा, हे विचारायची आम्हाला मुभा नाही. माझ्या खिडकीवर तुमच्या दाराबाहेरचं कपाट ठेवलं असतं ना, तर मला चोर म्हणून कामावरून काढलं असतं. इथे ते पाहुण्यांना दाखवतात!"

"ती शाळेची परंपरा आहे."

"परंपरा नाही, खोड आहे. मोठ्यांची आहे म्हणून तिला चांगलं नाव दिलंय. शाळेवर प्रेम करायला दुसऱ्या शाळेचा राग कशाला हवा? माझी मुलगी माफी मागणार नाही. बाकावर बसवा. मी येईन तिच्याशेजारी बसायला."

निर्णय बदलला नाही. शाळेत मुंगीच्या बाकावर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'खालची!' पुसायला कुणी फडकं पुढे केलं तर तिनं घेतलं नाही. त्याच खडूनं तिनं खाली लिहिलं, 'बॉल त्यांचा होता,' आणि त्यावर वही ठेवून गणित सोडवायला घेतलं.

संध्याकाळी आई भावाच्या दुकानात गेली. मामा नव्या चेंडूंत हवा भरत होता.

"दादा, तुझा बॉल गेला होता ना खालच्या शाळेत? कसा होता?"

"आता कशाला ते?"

"खिडकीवर आलायस असं समज. कसा होता, सांग."

मामानं पंप बाजूला ठेवला. "तपकिरी. चामड्याचा. एक फाक वेगळ्या रंगाची होती, फाटला होता म्हणून बाबांनी स्वतः शिवून दिलेली. टाके वाकडे होते. आणि हवा भरायच्या भोकाशी निळ्या शाईचा डाग. माझं नाव लिहायला गेलो आणि शाई सांडली." त्यानं नव्या चेंडूच्या भोकावर बोट ठेवलं. "दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेच्या दारातून डोकावून बघितलं, तर त्यांच्या कपाटात. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. हरवला म्हणालो."

"खूण पटली," आई म्हणाली. "बॉल तुझाच आहे. जा, घेऊन ये."

"वेडी आहेस का? मागू कुठल्या तोंडानं? आमच्याकडे त्यांचे इतके—"

वाक्य तिथेच तुटलं. इतक्या वर्षांत मामानं ते वाक्य कधी शेवटपर्यंत नेलंच नव्हतं! ज्याचा चेंडू आपण पकडला, तोही घरी जाऊन 'हरवला' म्हणाला असेल, हा साधा विचार कपाटाच्या काचेआड इतकी वर्षं दिसत असूनही त्याला दिसला नव्हता.

"त्या काचा," तो हळूच म्हणाला. "त्या मुलाला लागलं नाही ना गं?"

"तुझ्या भाचीमुळे नाही लागलं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामा चेंडू भरायची मोठी जाळी घेऊन शाळेत शिरला आणि त्यानं कपाट उघडलं. मुख्याध्यापिका धावत बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"बाई, कपाट संघाचं, चावी माझी. बॉल त्यांचे."

वर्गांच्या खिडक्यांत डोकी जमली. कुणी हुर्यो केली. मामानं मान वर केली नाही, एकेक चेंडू जाळीत टाकत राहिला. स्वतः पकडलेला, स्वतःचं नाव असलेला हातात आला तेव्हा जरा थांबला, मग तोही टाकला. एक चपटा, हवा गेलेला चेंडू निसटून मुख्याध्यापिकांच्या पायाशी गेला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग वाकून उचलला आणि जाळीत ठेवला.

जाळी खांद्यावर टाकून मामा रस्त्यानं उतरला आणि खालच्या शाळेच्या दारात उभा राहिला.

"काय काम आहे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"सामान द्यायचंय."

"कुणाचं?"

"तुमचंच."

"पाठवलं कुणी?"

"माझ्या भाचीनं."

आता इथे कुणी मामाला मिठी मारली असेल, असं समजू नका. खालच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी जाळीकडे संशयानं पाहिलं, चेंडू ठेवून घेतले आणि 'आमचं कपाट उघडायचं तर समितीला विचारावं लागेल' असं सांगितलं. वाकड्या टाक्यांचा तपकिरी चेंडू आतच राहिला.

"विचारा," मामा म्हणाला. "तुमचे मात्र ठेवून घ्या. आमचे मिळोत, न मिळोत." आणि तिथूनच त्यानं गवंड्याला फोन लावला, भिंतीवरच्या काचा छिनीनं उडवून टाकायला.

शनिवारी सामना वरच्या शाळेच्या मैदानावर झाला. गोलात राखीव मुलगी होती. मुंगी कडेच्या बाकावर बसली होती, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा. मागून 'फितूर, फितूर' ऐकू येत होतं. मामा उठायला लागला की आई त्याला खाली बसवत होती.

खेळ रंगात आला असताना वरच्या शाळेच्या एका मुलीनं मारलेला चेंडू भिंतीपलीकडे गेला. सगळ्या मैदानानं 'गेला!' म्हणून सुस्कारा टाकला. पंचांनी दुसरा चेंडू मागवण्यासाठी हात वर केला.

आणि भिंतीवर दोन हात दिसले.

लहान हात. कुणाच्या तरी खांद्यावर चढून आले असावेत. जिथे परवापर्यंत काचा होत्या, तिथे त्यांनी चेंडू ठेवला आणि अलीकडे ढकलून दिला. चेंडू उसळत पंचांच्या पायाशी आला. मागचं 'फितूर, फितूर' थांबलं. कुठल्याही कपाटानं आजवर कुणाला इतकं गप्प केलं नव्हतं!

मुंगी बाकावर उभी राहिली. "थँक्यू!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"तुलाही!" भिंतीपलीकडून आवाज आला.

सामना वरची शाळा हरली. बाहेर पडताना कर्णधार मुलगी मुंगीजवळ येऊन, नजर चुकवत पुटपुटली, "तू असतीस तर..."

"पुढच्या वर्षी असेन," मुंगी म्हणाली. "आणि बॉल परतच देईन. आत्ताच सांगून ठेवते."

नागरिकहो, अशी कपाटं फक्त शाळेत नसतात. गल्लीत असतात, कचेरीत असतात, आपल्या घरातही असतात, आणि आपण त्यांना अभिमान म्हणतो. ज्याचं त्याला परत देण्यानं कुणाचीही मान खाली जात नाही. ज्या दिवशी त्यासाठी मुलांना माफी मागावी लागते, त्या दिवशी मान मोठ्यांची खाली जायला हवी. तुमच्या भिंतीवरून काही आलं, तर ते कुणाचं आहे एवढंच विचारा. आणि मागणाऱ्याचं असेल तर द्या, त्यानं काचेवर हात ठेवण्याची वाट न बघता.