तपासून अहवाल सादर करावा

फरहाने पिशवीतून हार्ड डिस्क काढली, उलटी केली आणि खालच्या हिरव्या पट्टीवर बोट फिरवलं. बोटाला गंजाची तांबूस भुकटी लागली.

"तिले कायले पाह्यतं?" काउंटरपलीकडून धनराजभाऊ म्हणाले. "मेली थे. तुया लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे. डिस्क निकामी झाली, माहिती निघू शकत नाई. खाली सही अन् शिक्का. मी उभ्याउभ्या घेऊन जातो."

धनराजभाऊ सावळदरीचे उपसरपंच. त्यांच्या ग्रामपंचायतीचा प्रिंटर अडला की तो शिरपूरच्या स्टँडजवळच्या या दुकानात यायचा, म्हणून ओळख. दुकानाच्या अर्ध्या भागात फरहाचे कॉम्प्युटर आणि उरलेल्या अर्ध्यात तिच्या अब्बांचं, रहमतुल्लांचं, घड्याळदुरुस्तीचं टेबल. अब्बांनी डोळ्याला भिंग लावलेलं होतं. मान त्यांनी वर केली नाही. हातातला चिमटा मात्र थांबला होता.

"पत्र असन ना काही?" फरहाने विचारलं.

धनराजभाऊंनी खिशातून घडी काढून दिली. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पंचायत समितीचं पत्र. सावळदरीच्या जानेवारीतल्या ग्रामसभेचं चित्रीकरण कस्तुराबाई नावाच्या अर्जदार बाईने माहिती अधिकारात मागितलं होतं. चित्रीकरण ज्या कॉम्प्युटरमध्ये होतं त्याची डिस्क बिघडली, असं ग्रामपंचायतीने कळवलं. त्यावर अपिलात आदेश झाला होता: सदर डिस्क तंत्रज्ञाकडून तपासून अहवाल सादर करावा, माहिती मिळाल्यास तिची प्रत अर्जदारास द्यावी. सुनावणी पुढच्या बुधवारी.

"यात 'तपासून' लिहेल हाय, भाऊ."

"पद्धत असते थे लिहाची."

"भिजली कशी?"

"पत्रा गळला हापिसाचा."

"मंग बाकीचा कॉम्प्युटर?"

"थो चालू हाय," धनराजभाऊ बोलून गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.कडे पाहू लागले.

फरहाने पावतीपुस्तक ओढलं. 'हार्ड डिस्क एक, तपासणीसाठी जमा' असं लिहून पावती फाडून त्यांच्यापुढे ठेवली.

"मंगळवारी या. तपासून लिहून देतो."

ते गेल्यावर अब्बांनी भिंग काढलं. "दोन ओळी तं होत्या, बेटी. गाळा त्याच्या साडभावाचा हाय, मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"मंग?"

"अब्बा, कोनी बंद घड्याळ आनलं अन् म्हनलं, उघडू नका, मेलं म्हून लिहून द्या, तं तुमी देसान?"

अब्बांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कस्तुराबाई आली. सोबत तिची सून निकिता. त्याच पत्राची प्रत त्यांनाही आली होती, आणि डिस्क या दुकानात आल्याचं गावात कळलं होतं. कस्तुराबाई साठीची, उन्हाने रापलेली. पाच शेळ्या राखणारी बाई. दुकानात शिरली तशी स्टूल दिसत असूनही काउंटरला दोन्ही हात टेकवून उभीच राहिली.

"तूच का थे मशीनवाली? पाह्य, आमच्या गावाले चौदा एकर गायरान हाय. थे गोदामाले द्याचा ठराव केला. कागदावर लिहिलं, सर्वानुमते मंजूर. अन् मी तं उठ्ली होती. म्या म्हनलं, मले मंजूर नाई, लिहा. मीच नाई, माया मागं साऱ्या बाया उठल्या होत्या. वीस बाया. त्या कागदात एकीचंही नाव नाई."

"वीस होत्या?"

"आजही इचार कोनाले. साऱ्या सांगतीन."

निकिता तोपर्यंत दाराशीच होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, बारावी झालेली, हातात प्लास्टिकची फाइल. अर्ज, त्याचं उत्तर, अपील, पोचपावत्या, सगळं तारखेवार लावलेलं. अर्जाचं अक्षर तिचंच होतं, टपोरं आणि सरळ.

"निघन का काही?" तिने हळूच विचारलं.

"सांगता येत नाई. पाह्यतो."

निकिताने फाइलचं बटण दाबून बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं.

त्या गेल्यावर फरहाने डिस्क अब्बांच्या टेबलावर नेऊन ठेवली. खालच्या पट्टीचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे आणि इतके बारीक की तिच्या पेचकसात बसेनात. अब्बांनी आपला डबा उघडला, सगळ्यात लहान पेचकस निवडला आणि सहाही स्क्रू एका वाटीत काढून ठेवले. पट्टी उलटल्यावर दिसलं, तिचे संपर्काचे ठिपके काळे पडले होते.

"वरची डबी नका उघडू," फरहा म्हणाली. "आत धूळ गेली का संपलं."

"येवढं समजते मले." अब्बांनी शाळेच्या पोरांचं खोडरबर घेतलं. एकेक ठिपका ते घड्याळाच्या चाकासारखा पुसत गेले. मग स्पिरिटचा बोळा. अर्ध्या तासाने ठिपके पिवळे चमकू लागले.

पट्टी पुन्हा बसवून फरहाने डिस्कला वीज जोडली. आधी शांतता. मग आत काहीतरी फिरू लागल्याचा आवाज, आणि मध्येच दोनदा टकटक. फरहाने ताबडतोब वीज काढली.

"फिरते तं," अब्बा म्हणाले.

"फिरते, पन दुखनं हाय आत. अशीच चालू ठेवली तं मरन."

आता खरं काम होतं ते माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर चालवण्याचं. फुकट मिळणारं, पेनड्राइव्हवरून चालणारं ते सॉफ्टवेअर तिने याआधी दोनदाच वापरलं होतं, तेही मेमरी कार्डांवर. त्याची रीत अशी की आजारी डिस्कवर काही शोधायचं नाही, काही लिहायचं नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. जिथे अडेल तिथे हट्ट न करता पुढे जायचं, चांगला भाग आधी उचलायचा आणि खराब जागांना मागाहून पुन्हा हात घालायचा. मग शोधायचं ते त्या नकलेत.

जुन्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह ओळखता येईना. तिने दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो नव्याने तयार केला. मग डिस्क दिसेना. केबल बदलली, दिसली. इंग्रजी सूचना मोबाइलवर एकेक ओळ वाचत ती काळ्या पडद्यावर आज्ञा लिहीत गेली आणि शेवटची कळ दाबायच्या आधी तिचं बोट थांबलं.

"अब्बा, या लेबलावरचा नंबर वाचा. मोठ्यानं."

"काहून?"

"कोन्ती जुनी अन् कोन्ती नवी, हे उलटं लिहिल्या गेलं तं कोऱ्या डिस्कची नक्कल जुनीवर उतरन. मंग सारंच जाईन."

अब्बांनी भिंगातून नंबर वाचला. फरहाने पडद्यावर जुळवला. "पुन्हा एकडाव," ती म्हणाली. अब्बांनी पुन्हा वाचला, या वेळी एकेक अक्षर सुटं करून. तिने कळ दाबली.

पडद्यावर आकडे सरकू लागले. फरहाने टेबलफॅन डिस्ककडे वळवला आणि इन्व्हर्टरवर मागच्या घरातलं काहीही लावायचं नाही, अशी अम्मीला ताकीद देऊन आली.

शनिवारभर ते चाललं. रविवारी दुपारी धनराजभाऊ आले तेव्हा आकडा शंभरातल्या ब्याण्णवावर होता.

"हे काय लावून ठेवलं?"

"तपासनं चालू हाय."

"बंद कर." ते आवाज न चढवता म्हणाले. "तुले सांगून राह्यलो मी, पोरी. पंचायतीचं काम तुयाकडं येते, अजून चार गावाचं लावून देईन. नाई तं वाशिमले दुकानाईची कमी नाई. अन् हा गाळा कोनाचा हाय, थे तुया बापाले इचार."

फरहा स्क्रीनकडे पाहत राहिली. बोलले ते अब्बा.

"तुमच्या साडभावाचा हाय," ते चिमटा खाली ठेवत म्हणाले. "एकवीस वर्षं झाले बसून मले. त्याइले म्हना, गाळा पायजे असन तं नोटीस द्या, सामान उचलतो. पन माल दुकानात आला का तपासूनच वापस जाते. इथं तशीच रीत हाय."

धनराजभाऊ हसले. हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. चप्पल सरळ करून ते उतरून गेले.

अब्बांनी त्यानंतर बराच वेळ एकाच घड्याळाची काच पुसली.

संध्याकाळी नक्कल पूर्ण झाली. सव्वा टक्का जागा वाचताच आली नाही. बाकी उतरलं होतं. सोमवारी सकाळी फरहाने नकलेत 'ग्रामसभा' नावाचं फोल्डर शोधून काढलं. मागच्या दोन वर्षांच्या सभा त्यात होत्या. जानेवारीची नव्हती. ती भिजून गेली नव्हती. त्या जागी काही नव्हतंच, कोणीतरी ती आधीच पुसली होती. म्हणजे पाणी मागाहून आलं होतं.

पुसलेलं एकदम नाहीसं होत नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच पडून राहतं. सॉफ्टवेअरने मोकळी दिसणारी जागा चाळायला घेतली आणि दुपारपर्यंत हजारभर फाइली पुढे टाकल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. फरहा एकेक उघडत गेली. रहिवासी दाखले, आधारकार्डं, कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, अर्धवट कापलेले फोटो. मग एक चित्रफीत. समाजमंदिर, सतरंजी, टेबलावर गुलाल लागलेली तसबीर. बावीस मिनिटं चालून ती तुटत होती.

बावीस मिनिटं पुरेशी होती. फरहाने ती दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना तिने खुर्ची मागे सरकवली.

मंगळवारी कस्तुराबाई आणि निकिता सकाळीच हजर झाल्या. फरहाने स्टूल पुढे केलं.

"निघालं, मावशी."

कस्तुराबाई पहिल्यांदाच बसली. "निकिता, ये. पाह्य."

"तुमी पाहा, आत्या. मी बसचा टाइम पाहून येतो," निकिता म्हणाली आणि पायरी उतरली. गेली मात्र कुठे नाही. पायरीखाली पाठमोरी उभी राहिली.

पडद्यावर कोणीतरी ठराव वाचत होतं. माइक किरकिरत होता. "मंजूर?" आवाज आला, आणि पुढच्या रांगेतून हिरव्या लुगड्यातली एक बाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"मले मंजूर नाई. लिहा तसं."

मागून पुरुषांमधलं कोणीतरी हसलं. "बसा, बाई." ती बसली नाही. "लिहा आधी." तिच्या मागे सतरंजीवर बायका होत्या. एकीने पदर तोंडात धरला होता. एकीच्या मांडीवर पोर निजलं होतं. तिसरी सतरंजीचा दोरा उपटत होती. उठलेली कोणी नव्हती. ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं सांगण्यात आलं, टाळ्या झाल्या, आणि हिरव्या लुगड्यातली बाई उभीच होती.

फरहाने चित्र थांबवलं.

कस्तुराबाईचा हात मानेमागे गेला, जणू पाठीशी कोणी आहे की नाही हे चाचपावं तसा. "मांगं आवाज आल्ता," ती म्हणाली. "मले वाटलं, उठल्या." ती पुढे झुकली. "हिच्या मांडीवर लेकरू हाय. हे कशी उठन. अन् सुभद्रेचे गुडघे..." मग तिचं बोट सतरंजीचा दोरा उपटणाऱ्या तिसरीपाशी आलं आणि तिथेच थांबलं. तिच्या मांडीवर पोर नव्हतं. तिचे गुडघे धड होते. खाली घातलेल्या मानेमुळे चेहरा पुरता दिसत नव्हता, पण ओळखायला तेवढा पुरत होता.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. फरहाने पडद्यावरून नजर काढून दाराबाहेर पाहिलं. पायरीखालच्या पाठमोऱ्या आकृतीने फाइल छातीशी धरली होती.

"मावशी," फरहा हळू आवाजात म्हणाली, "हे कापता नाई येत. एक मिनिटही कापलं तं खोटं म्हनतीन. पुरंच द्या लागन."

"कापाचं कायले?" कस्तुराबाईने नजर काढली नाही. "मले एक सांग. सर्वानुमते म्हंजे साऱ्याइच्या मतानं ना?"

"हो."

"मंग मी कोनात होती?"

फरहाला हसू आलं आणि डोळेही चुरचुरले. तिने प्रिंटर सुरू केला. लेटरहेडवर तिने रात्रीच मजकूर तयार करून ठेवला होता: डिस्क तपासली. वाचता आली. जानेवारीचं चित्रीकरण पुसलेल्या स्थितीत आढळलं, त्यातली बावीस मिनिटं परत मिळाली, प्रत सोबत जोडली आहे. खाली तिने सही केली. शिक्का अब्बांनी मारला, दाबून. एक प्रत धनराजभाऊंसाठी डिस्कसोबत ठेवली, दुसरी कस्तुराबाईपुढे.

कस्तुराबाईने चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह पदराच्या टोकात बांधला, गाठीला दोनदा ओढ दिली आणि उठली. दारापर्यंत गेल्यावर एकदा वळून पडद्याकडे पाहिलं.

"बंद कर थे," ती फरहाला म्हणाली.

फरहाने पडदा बंद केला.

"निकिता."

"जी, आत्या." निकिता वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने विचारलं नाही, काय निघालं.

"निघालं. चांगलं निघालं." कस्तुराबाई पायरी उतरली. "उद्या मालेगावले तू बोलजो. माया गळा बसला हाय."

गळा खणखणीत होता. आत दुकानात अब्बांनीही मान वर करून पाहिलं.

"मी?" निकिता म्हणाली. "मी कशी बोलू? मले नाई जमत, आत्या. मी अर्ज लिहून देतो फक्त."

"लिहिलं ना तीन-तीनदा. आता थेच बोलाचं."

निकिताने रस्त्याकडे पाहिलं. मालेगावची बस स्टँडात शिरत होती.

"तिथं बसून बोललं तं चालते ना?"

"चालते," कस्तुराबाई म्हणाली. "पन तू उभी राह्यजो."